एकट्याच्या वजनावर

माझा उजवा हात छातीच्या वर जात नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या गावात आलात तर माझ्याबद्दल पहिली गोष्ट तुम्हाला हीच सांगतील, आणि सांगणारा ती इतक्या हळहळीनं सांगेल की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस गेलाच. मी गेलेलो नाही. अठ्ठावीस वर्षं मी दुधाचा टँकर चालवला, कळंबहून पुण्याला आणि पुण्याहून कळंबला. एके दिवशी सकाळी ओल्या चपलांनी टँकरच्या झाकणावर चढलो आणि खाली आलो. चूक माझीच. नव्या ड्रायव्हरांवर मीच ओरडायचो, चपला काढून चढा म्हणून. खांद्यात पट्टी आणि स्क्रू बसले, आणि दवाखान्यातून एक कागद मिळाला: जड वाहन चालवण्यास अपात्र.

तो कागद मी कितीदा तरी वाचला. घरच्यांनी एकदाच वाचला आणि अर्थ लावून मोकळे झाले, की आता यांनी गाडीला हात लावायचा नाही. माझा मुलगा चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणीच्या कामाला आहे. त्यानं माझ्या मोटारसायकलची किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. मी म्हणालो, "कागदावर जड लिवलंय. हलक्याचं कुठं काय लिवलंय?" तो म्हणाला, "दादा, शब्दात पकडू नका." का नको? त्या एका शब्दानंच तर माझी नोकरी गेली होती.

त्यानंतर दोन वर्षं मी मुलाच्या मोटारीत शेजारच्या सीटवर बसलो. मुलगा चालवणार, मी बसणार. वळण आलं की माझे हात मांडीवर आपोआप फिरायचे. ते बघून सून हसायची, आणि मुलगा म्हणायचा, "दादा, तुम्ही फक्त आराम करा." आयुष्यभर काम केलेल्या माणसाला आराम करायला सांगणं यासारखी शिवी नाही. मी कुणाला बोललो नाही, पण मनात एकच गोष्ट पक्की केली होती. मला परत स्वतःच्या हातानं गाडी चालवायची होती, आणि चालवताना कुणी शेजारून हात पुढं करायला नको होता.

गाडी मिळाली घोडेगावच्या पुढं, एका पुणेकराच्या फार्महाऊसवर. त्यानं आंब्याची कलमं लावली होती आणि त्याला शेणखत हवं होतं. आमच्या उकिरड्यात ते भरपूर होतं. खत उतरवताना शेडच्या कोपऱ्यात मला ती दिसली. उघडी, दोनच सीटची, जमिनीला टेकेल इतकी बुटकी. अंग फायबरचं, आत लोखंडी पाइपांचा सांगाडा. इंजिन सीटच्या मागं बसवलेलं; ते आणि पुढची चाकं त्या जुन्या चौकोनी छोट्या मोटारीची, जी एकेकाळी तालुक्यातल्या प्रत्येक डॉक्टरकडं असायची. कुणा हौशी माणसानं घरी बांधलेली स्पोर्ट्स कार होती ती. सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती.

मी पुढं जाऊन डाव्या हातानं गाडीचं नाक धरलं आणि वर उचलून पाहिलं. चाक जमिनीवरून सुटलं नाही, पण गाडी माझ्या हातात हलली. टँकर असा हलत नाही. टँकर माणसाला हलवतो. तिथंच माझ्या डोक्यात उजेड पडला. हिचं नाकच हलकं, म्हणजे हिचं स्टिअरिंग फिरवायला ताकद लागणार नाही. मालकाला विचारलं, तर म्हणाला, "चार ट्रॉल्या खत द्या आणि घेऊन जा, माझं शेड मोकळं होईल." गावात पोचायच्या आत बातमी पोचली, की ड्रायव्हरनं शेण देऊन मोटार आणली. पारावर एकानं विचारलंच, "राव, मग दूध दिलं असतं तर इमान मिळालं असतं का?"

हसू द्या. गाडीचे कागद अर्धवट होते, म्हणून ती डांबरी रस्त्यावर न्यायची नाही असं मी स्वतःच ठरवलं. कायदा मला कळतो. पण आमच्या गावाला घाट आहे. घाट म्हणजे डोंगरातला नव्हे, बैलगाड्यांच्या शर्यतीचा. सरळ, मातीची, चढत जाणारी लांब पट्टी आणि दोन्ही बाजूंना माणसं उभी राहतील असे बांध. जत्रेच्या दिवसांत तिथं पाय ठेवायला जागा नसते. एरवी तिथं शेळ्या चरतात. शेळ्यांची हरकत नसेल तर माझीही नव्हती.

पहिल्याच दिवशी अडचण कळली. गाडीचं मूळ स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळजवळ चार फेरे घ्यायचं. इतकं फिरवायचं तर हातावर हात टाकावा लागतो, आणि हातावर हात टाकायचा तर उजवा हात वर जावा लागतो. तिथं माझं दार बंद. शिवाय आपल्याकडं गिअर डाव्या हाताला. डावा हात गिअरवर गेला की गाडी सगळी उजव्याच्या ताब्यात, म्हणजे माझ्या त्या मोडक्याच्या. मला स्टिअरिंग खाली हवं होतं, मांडीजवळ, आणि ते फिरायलाही थोडंच हवं होतं. अर्ध्या हाताच्या हालचालीत गाडी वळली पाहिजे.

मुलगा म्हणाला, "मग पॉवर स्टिअरिंगची मोटर बसवू. भंगारात मिळते."

"मोटर नको."

"का?"

"वजन पुढं येतंय. आन् मोटर मधी आली की रस्ता हाताला कळत न्हाई."

"दादा, अख्खी दुनिया मोटरवर चालवते."

"दुनियेला चालवू दे."

त्याचा राग मला समजत होता. पोरगा दिवसभर कारखान्यात वाईट भाग बाजूला काढतो. बापाचा खांदा त्याच्या हिशेबानं त्याच डब्यात पडला होता.

मी ट्रॉलीत गाडी घालून नारायणगावला नेली, टोमॅटो मार्केटच्या मागं, तिथल्या मेस्त्रीकडं. हा माणूस तीस वर्षं फक्त पिकअपचं पुढचं काम करतो. स्टिअरिंग, बुश, अलाइनमेंट, एवढंच. आमच्या दोन तालुक्यांत टोमॅटो वाहणारी एक पिकअप नसेल जिच्या खाली हा झोपला नसेल. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "भाऊ, गाडी हाय का खेळणं?"

"तुमाला जमत नसंल तर सांगा."

"जमत न्हाई आसं म्या कधी म्हणलं?" मेस्त्रीला डिवचायचं असलं की एवढं पुरतं.

पहिल्या दिवशी त्यानं काय करावं? पुढं लावायला दोन जाड अँगल काढून ठेवले. आमच्याकडं कुठलीही गाडी आली की आधी ती मजबूत करतात. पाट्याखाली पाटा, पट्टीवर पट्टी. दोन टनांच्या गाडीत चार टन भरायचे म्हटल्यावर दुसरं काय करणार? मी ते अँगल उचलून पुन्हा भंगाराच्या ढिगावर ठेवले. म्हणालो, "मेस्त्री, ह्या गाडीत एक किलो वाढवायचा न्हाई. उलट काढायचा." त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी त्याला जेवणातून मीठ काढायला सांगितलं. तरी त्यानं ऐकलं. जास्तीचं चाक काढलं, पुढची लोखंडी दांडी काढली, बॅटरी मागं नेली.

मग खरं काम सुरू झालं. स्टिअरिंगचा दांडा धरणारी पट्टी चार बोटं खाली उतरवली आणि मोठ्या चाकाच्या जागी ताटलीएवढं छोटं चाक बसवलं. आता माझा उजवा हात मांडीवर ठेवल्यासारखा राहायचा. पण छोटं चाक म्हणजे जास्त जोर, हेही लक्षात आलं. त्यानंतर फेरे कमी करायचे होते. पुढच्या प्रत्येक चाकाला आतून एक आखूड लोखंडी हात असतो. स्टिअरिंग त्या हाताला रॉडनं ढकलतं आणि चाक वळतं. तो हात जेवढा आखूड, तेवढी गाडी पटकन वळते आणि तेवढीच फिरवायला जड होते. म्हणजे एका हातानं मिळवायचं आणि दुसऱ्यानं गमवायचं. नाक हलकं नसतं तर हा खेळ मला परवडलाच नसता.

मी विचारलं, "हाच हात कापून जोडला तर?"

मेस्त्री कधी नव्हे तो गंभीर झाला. "भाऊ, स्टिअरिंगला येल्डिंग न्हाई. म्या आजवर केलं न्हाई, करणार न्हाई. माझ्या बानं शिकवलंय." ट्रॅक्टरच्या जुन्या ॲक्सलचं पोलाद घेऊन त्यानं शेजारच्या लेथवाल्याकडून दोन नवे हात अखंड कापून घेतले, जुन्यापेक्षा दोन बोटं आखूड. बोल्ट नवे. प्रत्येक बोल्टवर त्यानं पिवळ्या रंगाची रेघ मारली, म्हणजे सैल झाला तर दिसावा. त्याच्या फटकळ तोंडाला आणि कामसू हाताला मी त्या दिवशी मनातल्या मनात नमस्कार केला.

शेवटी रॉडची उंची आणि चाकांचा सरळपणा बसवायचा होता. मेस्त्रीनं मार्केटमधून फेकायला ठेवलेल्या टोमॅटोचे दहा कॅरेट आणले. शेजारची सीट काढून तिथं पाच, पायांपाशी एक, मागच्या फळीवर दोन, आणि माझ्या सीटवर ड्रायव्हर म्हणून दोन. गाडी खाली बसली. त्या अवस्थेत त्यानं वॉशर घालून सगळं सेटिंग केलं. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. आमच्याकडं अलाइनमेंट अशीच करतात. माल भरल्यावर गाडी सरळ चालली पाहिजे. रिकामी पिकअप इथं कोण चालवतो? मी तर जन्मभर भरलेला टँकरच हाकला. मग माझ्या सीटवरचे दोन कॅरेट काढून मी बसलो आणि गॅरेजमागच्या मातीच्या रस्त्यावर गाडी काढली. दोन वर्षांनी. गाडी दोरीत धरल्यासारखी सरळ गेली. परत आलो तेव्हा मेस्त्री टोमॅटोवर बसून विडी ओढत होता, आणि मला डोळे पुसायचं नाटक करावं लागलं, की धूळ गेली म्हणून. नाटक नव्हतं ते.

पुन्हा ट्रॉलीत घालून गावात आणली. कॅरेट अर्थातच मार्केटमध्ये राहिले.

दुसऱ्या दिवशी घाटावर अर्धा गाव जमला. शर्यतीत एका गाडीच्या धावेला आमच्याकडं बारी म्हणतात. "चला, ड्रायव्हरची बारी बघू," म्हणत माणसं बांधावर चढून बसली. मुलगाही सुट्टी काढून आला होता. आमची ही, म्हणजे बायको, एका कडेला पदर तोंडाशी धरून उभी होती. मी गाडी काढली. पहिला गचका आला आणि गाडी उजवीकडं उडाली. मी डावीकडं ओढली, तर दुसऱ्या गचक्याला ती डावीकडं गेली, माझ्या ओढण्यापेक्षा दुप्पट. घाटाच्या मध्यावर पावसाच्या पाण्यानं एक आडवी चर पाडली होती. त्या चरीवर स्टिअरिंग माझ्या हातातून निसटलं, आणि गाडी बांधाला नाक लावून थांबली. बांधावरची माणसं आधीच पळाली होती. कुणाला काही झालं नाही. एक शेळी मात्र दिवसभर घाटाकडं फिरकली नाही.

मी म्हणालो, "घाट खराब हाय." पाठीमागून कुणीतरी म्हणालं, "नाचता येईना, अंगण वाकडं." सगळे हसले. मी मागं वळलो नाही, कारण वळलो असतो तर कुणाचं तरी थोबाड फुटलं असतं, तेही डाव्या हातानं.

मुलगा मात्र हसला नाही. घरी आल्यावर शांतपणे म्हणाला, "दादा, तुम्ही जीव तोडून करताय, मला दिसतं. पण आज बांधावर पोरं होती." मग त्यानं सांगितलं, की जुन्नरकडं एक फोटोवाला आहे. लग्न ठरलेल्या जोडप्यांचे फोटो काढतो. त्याच्या शेतात झोपाळा आहे, रंगवलेली बैलगाडी आहे, आणि त्याला अशी एक गाडी हवी आहे. रविवारी बघायला येतो म्हणालाय. "चालू नसली तरी त्याला चालेल. उलट बंदच बरी, म्हणाला. म्हणजे कुणी पळवणार नाही."

मी हो म्हणालो. खरं सांगायचं तर मी हरलो होतो. गाडीला किंवा घाटाला नव्हे. मला वाटलं, सगळे म्हणत होते तेच खरं, खांदाच गेलाय. गॅरेजमागं सरळ गेली ती रस्ता गुळगुळीत होता म्हणून गेली असेल. चरीवर माझ्या हातानं दगा दिला. आयुष्यात कधी नव्हे ते मी त्या हाताला शिव्या दिल्या, जेवताना, झोपताना, शर्टची बटणं लावताना. गाडी दारात उभी होती, आणि मी तिच्याकडं पाठ करून ओट्यावर बसायचो.

बुधवारी पेंडीचा टेम्पो फाट्यावर तीन पोती उतरवून निघून गेला. मोटारसायकल मुलाकडं. ही म्हणाली, "आवं, दारात गाडी हाय ना? आणा की पोती."

"ती गाडी दिली आपण."

"आजून रविवार कुठं आलाय? गायी रविवारपत्तुर उपाशी ठिवायच्या का?"

फाट्यापासून आमच्या वस्तीपर्यंत शेतातली वाट आहे, बैलगाडीच्या चाकोऱ्यांनी उकरलेली, घाटापेक्षा वाईट. जाताना रिकामी गाडी खड्ड्याखड्ड्याला उडत होती, म्हणून पहिल्या गिअरमध्येच सरपटत नेली. फाट्यावरच्या चहावाल्यानं पोती उचलून दिली, दोन शेजारच्या जागेत, एक मागं. मी जीव मुठीत धरून निघालो. पहिला खड्डा आला. गाडी सरळ. दुसरा आला. सरळ. चाकोरी आडवी आली, गाडी दणकली, आणि माझा उजवा हात मांडीवर होता तिथंच राहिला. मी वाटेत गाडी थांबवली आणि नुसता बसून राहिलो. त्याच हातानं, त्याच खांद्यानं, त्याच गाडीनं. बदललं होतं ते फक्त वजन.

घरी पोचलो आणि हिला हाक मारली. "एक पोतं खाली वढ."

"सगळीच वढू की."

"न्हाई, एकच."

आम्ही दोघांनी एक पोतं ओढून उतरवलं. मी वाटेवर एक फेरी मारली. गाडी जराशी चळली. दुसरं उतरवलं, आणखी चळली. तिसरं उतरवून रिकामी नेली, तर पहिल्याच खड्ड्याला वेड्यासारखी उडाली. ही कपाळावर हात मारून म्हणाली, "पोती काय उन्हात नाचवताय? चक्कर आली का तुमाला?" मी तिला धरलं आणि दारातच ओरडलो, "माझा खांदा न्हाई! टमाटी हायेत!" शेजारीण कुंपणावरून बघायला आली. तिनं नंतर गावात सांगितलं, की ड्रायव्हरचं डोकं फिरलंय. जाऊ द्या. त्या दिवशी मला अख्ख्या गावानं वेडं म्हटलं असतं तरी चाललं असतं.

गोष्ट साधी होती. वजन होतं तेव्हा गाडी खाली बसायची, आणि स्टिअरिंगचे रॉड आडवे यायचे. आडवा रॉड चाक वर-खाली झालं तरी त्याला वळवत नाही. वजन काढलं की गाडी वर उठायची, रॉड तिरके व्हायचे, आणि प्रत्येक गचक्याला तेच चाकांना ओढायचे. गाडी मी वळवत नव्हतो, खड्डे वळवत होते. अंगण खरोखरच वाकडं होतं, आणि ते आम्ही दोघा शहाण्यांनी, मेस्त्रीनं आणि मी, स्वतःच्या हातानं वाकडं केलं होतं. दोन टन माल वाहणाऱ्यांच्या सवयीनं.

मेस्त्रीला फोन लावला. "मेस्त्री, सेटिंग टमाट्यावर केलंय तुमी."

"मंग कशावर करायचं?"

"माझ्यावर."

मग तो म्हणाला, "आयला. खरं हाय."

शनिवारी सकाळी तो स्वतः पान्यांची पिशवी घेऊन आला. एवढ्या वर्षांत तो गॅरेज सोडून कुणाच्या दारात गेला नव्हता. मला गाडीत बसवलं आणि म्हणाला, "आज माल तुमीच. माल हलत न्हाई, माल बोलत न्हाई." दुपारपर्यंत मी बसून राहिलो. चाकाला त्यानं एक सरळ फळी बांधली, जमिनीवर खडूनं रेघ मारली. मुलगा आणि ही, दोघांनी गाडीचं नाक दाबायचं आणि सोडायचं. दाबलं की फळीचं टोक रेघेवरून सरकायचं. मेस्त्री खाली झोपून एक वॉशर काढायचा, दुसरा घालायचा, आणि ओरडायचा, "दाबा!" मुलगा पहिल्यांदा नाइलाजानं दाबत होता. तिसऱ्या-चौथ्यांदा तो वाकून रेघ बघायला लागला. मग गुडघ्यावर बसला. दुपारी म्हणाला, "मेस्त्री, डावीकडं अर्धा वॉशर जास्त होतोय." कारखान्यात तपासणी करतो तसाच आवाज होता. शेवटी नाक दाबलं तरी फळी रेघ सोडेना. मी विचारलं, "बोलू का आता?" तिघंही रेघेकडं बघत होते.

रविवारी फोटोवाला आला. गॉगल लावलेला, गोड बोलणारा. बोनेटवर हात फिरवून म्हणाला, "काका, झकास पीस आहे. तुम्ही काळजी करू नका, आम्ही हिला फुलांनी सजवून ठेवू." मी म्हणालो, "पावणं, आधी बारी बघा, मग फुलं आणा."

घाटावर या वेळी मी कुणालाही बांधावर चढू दिलं नाही. सगळ्यांना खाली, सुरुवातीच्या रेघेमागं उभं केलं. मुलाचं बरोबर होतं, आणि बरोबर ते बरोबर. सीटवर बसलो. तेवढ्यात डाव्या बाजूनं गाडी खाली बसल्याचं मला जाणवलं. ही शेजारी येऊन बसली होती, पोत्याची घडी अंगाखाली घेऊन, कारण तिथली सीट अजून मेस्त्रीच्या गॅरेजमध्येच होती.

मेस्त्री धावत आला. "वयनी, उतरा, उतरा! सेटिंग एकट्याचं हाय!"

"मंग त्यांनी काय जलमभर एकट्यानंच फिरायचं का?"

मुलगा म्हणाला, "आई, उतर. आज नको."

तिनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. समोर बघत होती. तेव्हा मला उमगलं आणि मी चरकलो. लग्नाला तीस वर्षं झाली. त्यातली अठ्ठावीस वर्षं मी गाडी चालवून घर चालवलं, आणि ही बाई माझ्या शेजारी कधी बसलीच नव्हती. टँकरमध्ये बाहेरचं माणूस घ्यायला बंदी. आणि नंतर पुढच्या सीटवर मीच असायचो, ही मागं. तिला उतर म्हणायला माझं तोंड उघडेना. खरं म्हणजे मला ती उतरायला नकोच होती.

"धरून बस," म्हणालो, आणि सोडली.

पहिले गचके गेले. तिच्या वजनानं गाडी डावीकडं हलकीशी ओढत होती. रॉड जरासे तिरके झाले असणार. हाताला कळत होतं. चढ वाढला, इंजिन दमायला लागलं, गिअर बदलायला हवा होता, आणि समोर ती चर आली. डावा हात गिअरवर गेला. गाडी चरीत पडली आणि डावीकडं, बांधाकडं निघाली. स्टिअरिंगवर फक्त उजवा हात होता. खांद्यात आत खोल कळ गेली, स्क्रूपाशी, डोळ्यांपुढं पांढरं झालं. तो हात वर गेला नाही, जायची गरजही नव्हती. तो होता तिथंच, मांडीजवळ, इंचभर फिरला आणि थांबला. गाडी सरळ झाली आणि वर चढत गेली.

वर पोचल्यावर मी इंजिन बंद केलं. खालून मुलगा धावत येत होता, मागं मेस्त्री, त्यामागं गॉगल हातात घेतलेला फोटोवाला.

ही म्हणाली, "दुखला का खांदा?"

"दुखला."

"लई?"

"लई."

तिनं पदरानं तोंडावरची धूळ पुसली आणि पोत्यावर नीट सरकून बसली. "गाडी वळवा मंग," म्हणाली. "पोरगं वर यायच्या आत खाली जाऊ."